वेबमेल थंडरबर्डमध्ये: डॅवमेल गेटवेच्या प्रकल्प नोंदी

११ ऑगस्ट २०२५

आज कामाचा आवाका ठरवला. संस्थेचा मेल मायक्रोसॉफ्ट ३६५वर आहे आणि तो ब्राउझरमधूनच वाचायचा असतो. मेल क्लायंटने, म्हणजे संगणकावरच्या मेलच्या प्रोग्रामने, सर्व्हरवरून मेल घ्यायचे आयमॅप आणि पॉप हे दोन्ही मार्ग प्रशासकांनी बंद ठेवले आहेत. आमचे एक ज्येष्ठ सहकारी, आमचे सर, दृष्टिहीन आहेत, पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या स्क्रीन रीडरवर काम करतात, आणि त्यांच्याकडे येणारा मेल आमच्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त असतो. त्यांच्या अपेक्षा साध्या आहेत. यादी जागची हलू नये, कळा रोज त्याच असाव्यात, जुना पत्रव्यवहार नेट नसतानाही उघडावा आणि शोध चटकन लागावा. वेबपान मुळात डोळ्यांसाठी मांडलेलं असतं, आणि मांडणी बदलली की कानांनी वाचणाऱ्याला ती पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते. डेस्कटॉपवरच्या मेल क्लायंटमध्ये ही अडचण येत नाही.

म्हणून मध्ये गेटवे बसवायचा. आपल्याच संगणकावर चालणारा हा छोटा प्रोग्राम दुभाष्याचं काम करतो. मेल क्लायंटशी तो आयमॅप आणि एसएमटीपीत (मेल पाठवण्याच्या पद्धतीत) बोलतो, पलीकडे वेबमेलच्या सर्व्हरशी सर्व्हरच्या भाषेत. क्लायंटला वाटतं समोर साधा आयमॅप सर्व्हर आहे. सर्व्हरला वाटतं नेहमीचाच एक अधिकृत प्रोग्राम आत आलाय.

क्लायंट थंडरबर्ड, हे नक्की. सरांना त्याची सवय आहे आणि एनव्हीडीए या त्यांच्या स्क्रीन रीडरशी त्याचं चांगलं जमतं.

१३ ऑगस्ट

गेटवे कुठला घ्यायचा यावर आजचा वेळ दिला.

ही कल्पना जुनी आहे. याहूने २००२मध्ये फुकट खात्यांची पॉप सेवा बंद केली, तेव्हा लोकांनी याहूपॉप्स नावाचा प्रोग्राम लिहिला. तो वेबमेलची पानं स्वतः उघडायचा, त्यातून मेलचा मजकूर वेगळा काढायचा आणि क्लायंटला पॉपमधून द्यायचा. फ्रीपॉप्स त्याच जातीचा. त्यात प्रत्येक वेबमेल सेवेसाठी लुआ भाषेत एक वेगळी स्क्रिप्ट असे. मला या मंडळींबद्दल मनापासून आदर आहे. समोरच्याने दार लावून घेतलं तरी आपला मेल आपल्या पद्धतीने वाचायचा हक्क त्यांनी सोडला नाही. पण पान खरवडून मजकूर काढण्याची पद्धत नाजूकच. पानाचा एचटीएमएल बदलला की स्क्रिप्ट बंद पडते, आणि कुणीतरी ती पुन्हा लिहीपर्यंत मेलही बंद. ज्यांचं रोजचं काम यावर चालणार आहे, त्यांना असलं काही देणं मला पटत नाही.

डॅवमेल पान खरवडत नाही. सर्व्हरने इतर प्रोग्रामांसाठी मुद्दाम उघड्या ठेवलेल्या इंटरफेसशी तो बोलतो. एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरचा पूर्वीचा इंटरफेस वेबडॅव्ह होता, त्यावरूनच याचं नाव पडलं. एक्स्चेंज २००७मध्ये एक्स्चेंज वेब सर्व्हिसेस म्हणजे ईडब्ल्यूएस आलं, २०१०च्या आवृत्तीतून वेबडॅव्ह गेलं, आणि डॅवमेलही ईडब्ल्यूएसकडे वळला. जावात लिहिलेला आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतो. मेलसोबत कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह, संपर्कांसाठी कार्डडॅव्ह आणि संस्थेच्या पत्तेवहीसाठी एलडॅप असे मार्गही देतो.

प्रोटॉन मेलचा ब्रिज याच घरातला, पण त्याचं कारण निराळं. तिथे मेल सर्व्हरवर एन्क्रिप्ट केलेला असतो आणि तो उलगडणं आपल्याच संगणकावर व्हावं लागतं, म्हणून मधला प्रोग्राम लागतो. आपल्या उपयोगाचा नाही.

डॅवमेल ठरला.

१८ ऑगस्ट

प्रशासकांना रीतसर विचारलं. हे लपूनछपून करायचं नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. आयमॅप बंद ठेवण्यामागे बहुतेक ठिकाणी खरं कारण असतं. जुने मेल क्लायंट नाव आणि पासवर्ड थेट सर्व्हरला पाठवत, त्यामुळे दुसऱ्या टप्प्याची पडताळणी आपोआप टळायची आणि चोरीचे पासवर्ड घाऊक तपासून पाहायला तो मार्ग सोयीचा पडायचा. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२पासून एक्स्चेंज ऑनलाइनमधली (३६५च्या मेल सेवेतली) अशी साधी पडताळणी बंद करायला घेतली ती यासाठीच.

पत्रात मी तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या. लॉगिन ओऑथनेच होईल, म्हणजे पासवर्ड आणि दुसरा टप्पा मायक्रोसॉफ्टच्याच पानावर भरला जाईल. गेटवे फक्त त्याच संगणकावरच्या जोडण्या स्वीकारेल. आणि मेलची प्रत त्या संगणकाच्या डिस्कवर राहणार असल्याने डिस्क पूर्ण एन्क्रिप्ट केलेली असेल. सरांची गरजही लिहिली. सोय म्हणून मागितलेली ही सवलत नाही. इतरांना जे काम सहज करता येतं, ते त्यांनाही सहज करता यावं एवढीच मागणी आहे.

२५ ऑगस्ट

परवानगी मिळाली. प्रशासकांनी अर्ज नीट वाचला होता. डिस्कचा मुद्दा त्यांनीच फोन करून पुन्हा पक्का करून घेतला. ज्या खात्यांसाठी मागितलं तेवढ्यांसाठीच, आणि ॲपची संमती त्यांच्या बाजूने दिलेली. ही संमती नसती तर लॉगिनच्या शेवटी ‘प्रशासकाची मान्यता हवी’ एवढाच निरोप आला असता.

आधी माझ्या संगणकावर बसवलं. सरांच्या यंत्रावर प्रयोग नकोत. विंडोजसाठी जावासकट एकत्र बांधलेला इन्स्टॉलर मिळतो, तो घ्यावा. वेगळा जावा शोधत बसावं लागत नाही.

पोर्ट, म्हणजे प्रत्येक सेवेच्या दाराचे क्रमांक, मुळात दिलेले आहेत तेच ठेवले: आयमॅप ११४३, एसएमटीपी १०२५, पॉप १११०, कॅलडॅव्ह १०८०, एलडॅप १३८९. नेहमीच्या १४३, २५, ११०, ८० आणि ३८९ या आकड्यांत हजार मिळवले की हेच येतात. कारणही साधं आहे. युनिक्स घराण्यातल्या प्रणालींवर १०२४च्या खालचा पोर्ट उघडायला विशेष अधिकार लागतात, आणि मेल वाचायच्या प्रोग्रामला ते अधिकार देण्याचं काहीच कारण नाही. पॉप लागणार नाही, म्हणून तो पोर्ट रिकामा सोडून बंद केला. वापरात नसलेलं दार उघडं ठेवू नये.

बाहेरच्या जोडण्या स्वीकारण्याचा पर्याय मुळातच बंद असतो, तरी खात्री केली. उघड्या जोडण्यांची यादी दाखवणाऱ्या नेटस्टॅट आज्ञेत ११४३च्या ओळीत पत्ता १२७.०.०.१ दिसला पाहिजे. तिथे ०.०.०.० दिसलं तर नेटवर्कवरच्या कुठल्याही यंत्राला तो पोर्ट खुला आहे असं समजावं. माझ्याकडे १२७.०.०.१ आहे.

२६ ऑगस्ट

लॉगिन. इथे डॅवमेलचे दोन मार्ग आहेत. एकात त्याची स्वतःची खिडकी उघडते आणि मायक्रोसॉफ्टचं लॉगिन पान तिच्यात दिसतं. दुसऱ्यात तो एक लांबलचक पत्ता देतो. तो आपण आपल्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडायचा, लॉगिन पुरं करायचं, आणि शेवटी ब्राउझर ज्या पानावर थांबतो त्याचा पत्ता उचलून परत डॅवमेलला द्यायचा. ते शेवटचं पान पांढरं, कोरं असतं. नवखा माणूस इथे बिचकतो, काहीतरी बिघडलं असं वाटून पान बंद करतो. पण हवं ते सगळं पत्त्याच्या पट्टीत असतं. ‘कोड’ या शब्दानंतर आणि बरोबरच्या चिन्हापुढे अक्षरांची जी लांब माळ आहे, ती काही मिनिटांपुरतीच चालणारी चिठ्ठी आहे. डॅवमेल ती देऊन टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी दाखवायचा परवाना, घेतो.

सरांसाठी हा दुसरा मार्ग बरा. त्यांचा ब्राउझर स्क्रीन रीडरला पूर्ण सरावाचा आहे, आणि ‘पत्त्याच्या पट्टीत जा, सगळं कॉपी करा, इकडे पेस्ट करा’ या तीन क्रिया ते रोज करतात.

टोकन साठवायला सांगितलं की डॅवमेल ते आपल्या सेटिंगच्या फाइलीत एन्क्रिप्ट करून ठेवतो, आणि त्यासाठी वापरतो तो थंडरबर्डने दिलेला पासवर्ड. हे नीट समजून घेण्यासारखं आहे. थंडरबर्डमध्ये भरायचा पासवर्ड खात्याचा असण्याची गरज राहत नाही. तो आपल्या संगणकावरच्या टोकनचं कुलूप उघडण्यापुरता असतो. मी वेगळा, लांब पासवर्ड ठेवला. अट एकच: आयमॅप, एसएमटीपी, कॅलेंडर आणि पत्तेवही चारही ठिकाणी तोच द्यायचा. एका ठिकाणी वेगळा पडला तर तिथून टोकन उघडत नाही आणि लॉगिन पुन्हा मागितलं जातं.

थंडरबर्डमध्ये सर्व्हरचं नाव लोकलहोस्ट (म्हणजे हाच संगणक), जोडणीची सुरक्षा ‘काही नाही’, पडताळणी साध्या पासवर्डची. थंडरबर्ड इथे ठळक इशारा देतो की ही जोडणी एन्क्रिप्टेड नाही. इशारा रास्त आहे, पण ही जोडणी यंत्राच्या बाहेर जातच नाही. यंत्रातून बाहेर पडणारी जोडणी डॅवमेल ते मायक्रोसॉफ्ट ही आहे, आणि ती एचटीटीपीएस आहे. हाच इशारा दूरच्या सर्व्हरसाठी आला तर मात्र तिथेच थांबायचं, हे सरांना वेगळं सांगायचं आहे.

२ सप्टेंबर

लॉगची, म्हणजे डॅवमेल ठेवतो त्या नोंदींची, पातळी वाढवून दोन्ही बाजूंचं बोलणं शेजारी ठेवून वाचलं. प्रकल्पातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच.

थंडरबर्ड म्हणतो: सिलेक्ट इनबॉक्स. उत्तरात आयमॅपच्या नियमाप्रमाणे पत्रांची संख्या, आणि प्रत्येक पत्राला यूआयडी म्हणजे फोल्डरपुरता एक आकडा द्यावा लागतो. हे आकडे चढतेच हवेत आणि एकदा दिलेला आकडा दुसऱ्या पत्राला लावायचा नाही. पलीकडे एक्स्चेंज मात्र पत्राला ओळखतो तो अक्षरांच्या भल्यामोठ्या माळेने. या दोन्हींचा मेळ घालणं हे गेटवेचं मुख्य काम. तो जर ढिसाळ असता तर क्लायंटने पुन्हा पुन्हा सगळं फोल्डर नव्याने उतरवलं असतं. मी थंडरबर्ड बंद करून उघडला, डॅवमेल बंद करून उघडला, आकडे तेच राहिले.

वाचल्याची खूण, तारा, उत्तर दिल्याची खूण, तिन्ही आरपार जातात. थंडरबर्डचे टॅग पलीकडे कॅटेगरी म्हणून जातात. सर मेलवर टॅग लावून कामं वर्ग करतात, त्यामुळे हे चाललंच पाहिजे होतं.

मग पत्राचा आकार. आयमॅपमध्ये क्लायंट आकार विचारतो आणि उत्तर बाइटपर्यंत अचूक हवं असतं. एक्स्चेंज मेल मूळ स्वरूपात ठेवत नाही; विषय, मजकूर, जोडपत्रं असे भाग वेगळे करून ठेवतो आणि मागितल्यावर पुन्हा जुळवून देतो. त्यामुळे त्याने सांगितलेला आकार हा अंदाज असतो. अचूक आकडा हवा तर गेटवेला अख्खं पत्र उतरवून मोजावं लागतं, फक्त यादी दाखवण्यासाठी! डॅवमेलमध्ये अंदाजाचाच आकडा पुढे करण्याचा पर्याय आहे. तो चालू केला आणि यादी भरण्याचा वेळ डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला.

पुन्हा जुळवलेलं पत्र मूळ पत्रासारखं बाइटला बाइट असेलच असं नाही, हेही लक्षात ठेवायचं. थंडरबर्डमध्ये प्रेषकाची डीकेआयएम सही (मेल वाटेत बदललेला नाही हे दाखवणारी) तपासणारं एखादं ॲड-ऑन असेल तर त्याच्या निकालावर इथे विसंबू नये.

जोडपत्रांचं गणित करून पाहिलं. मेलमध्ये जोडपत्र बेस६४मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांच्या रूपात, बसवतात, म्हणजे दर ३ बाइटांचे ४ होतात. गेटवेला पत्र मिळतं ते एक्सएमएलच्या पाकिटात, आणि त्या पाकिटात अख्खं पत्र पुन्हा बेस६४मध्ये असतं. ९ एमबीचं जोडपत्र मेलमध्ये १२ एमबी होतं आणि पाकिटात १६. वाटेतलं कॉम्प्रेशन सोडून दिलं तर हा भार जवळजवळ दुपटीला पोचतो. मोठी जोडपत्रं उघडताना क्षणभर थांबावं लागतं ते यामुळे.

४ सप्टेंबर

मराठी विषयाच्या ओळी तपासल्या. हे मला स्वतःला हवं होतं.

मेलच्या शीर्षकांत मूळ नियमाने साधी रोमन अक्षरंच चालतात, म्हणून देवनागरी विषय सांकेतिक शब्दांत गुंडाळून पाठवतात. असा एक शब्द जास्तीत जास्त ७५ चिन्हांचा. त्यातली १२ चिन्हं यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत मांडण्याची पद्धत) आणि बेस६४ची खूण व शेवट यांत जातात, उरतात ६३, आणि बेस६४ चारच्या पटीत चालत असल्याने कामी येतात ६०. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेतं, बेस६४मध्ये ४. म्हणजे एका सांकेतिक शब्दात आपली १५ चिन्हं, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं.

‘वार्षिक अहवालाचा दुसरा मसुदा’ हा विषय घेतला. काठोकाठ भरला तर पहिला तुकडा ‘अहवालाच’पर्यंत येतो आणि ‘चा’चा काना दुसऱ्या तुकड्यात पडतो. वाचणाऱ्या प्रोग्रामने दोन तुकड्यांमधली मोकळी जागा गाळून ते जोडायचे, असा नियम आहे. तो पाळला नाही तर काना एकटा पडतो, त्याच्या डावीकडे ठिपक्यांचं वर्तुळ येतं, आणि स्क्रीन रीडर शब्द मोडून वाचतो. बाहेरच्या खात्यांवरून लांब लांब विषयांचे मेल पाठवून पाहिले. वेगवेगळ्या क्लायंटमधून, जोडाक्षरं भरलेले. गेटवेतून सगळे अखंड आले. मराठी नावांच्या जोडपत्रांचंही तसंच, फाइल उतरवली तरी नाव शाबूत.

९ सप्टेंबर

पाठवलेले मेल ‘सेंट’मध्ये दोनदा दिसतात. पाठवताना गेटवेमार्फत सर्व्हर एक प्रत ठेवतो आणि थंडरबर्ड स्वतःची दुसरी. थंडरबर्डमधला प्रत ठेवण्याचा पर्याय काढून टाकला. सर्व्हरची प्रत राहू द्यावी, म्हणजे ब्राउझरमधून पाहिलं तरी तीच दिसते.

१२ सप्टेंबर

नव्या मेलची सूचना. आयमॅपमध्ये आयडल नावाची सोय आहे, जोडणी उघडी ठेवून सर्व्हर स्वतःहून ‘नवं आलं’ म्हणून सांगतो. डॅवमेल ती देतो, पण मागे ठरावीक मिनिटांनी विचारपूस करून. मध्यांतर मोठं ठेवलंय. दर मिनिटाला सर्व्हरचं दार वाजवायचं कारण नाही, आणि एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये एका खात्याच्या मागण्यांवर मर्यादाही असतात.

१६ सप्टेंबर

सरांच्या यंत्रावर बसवलं.

डॅवमेलची सेटिंगची खिडकी जावाच्या स्विंगमध्ये आहे. अशा खिडक्यांतला मजकूर स्क्रीन रीडरपर्यंत जावा ॲक्सेस ब्रिजमधून पोचतो. पण आम्ही तिकडे गेलोच नाही. सगळी सेटिंग एका साध्या मजकुराच्या फाइलीत असते, एका ओळीत एक नाव आणि त्याची किंमत. ती सरांनी नोटपॅडमध्ये उघडली आणि ओळ ओळ ऐकत स्वतः भरली. पोर्टच्या आकड्यांमागचं कारण त्यांनी विचारलं, मी सांगितलं. टोकनच्या कुलपाचा पासवर्ड त्यांनीच ठरवला, मला सांगितला नाही, आणि तेच बरोबर आहे. उद्या काही अडलं तर त्यांना माझी वाट पाहावी लागू नये. दुसऱ्याने लावून दिलेली आणि आपल्याला न कळलेली व्यवस्था ही अर्धीच मदत असते.

पहिला भरणा टप्प्याटप्प्याने केला. आधी इनबॉक्स, ते पुरतं उतरल्यावर सेंट, मग एकेक जुनं फोल्डर. सगळी फोल्डरं एकदम ऑफलाइनसाठी निवडली की सर्व्हरच्या मर्यादा आड येतात आणि सगळंच मंदावतं.

१७ सप्टेंबर

मेलची यादी कानांना सोपी करण्याचं काम. माझ्या मते या प्रकल्पाचा खरा फायदा इथे आहे, आणि बसवणाऱ्याने गेटवे चालला की थांबू नये.

थंडरबर्डमध्ये यादी टेबल पद्धतीने ठेवली. स्क्रीन रीडर ओळीतले स्तंभ डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून स्तंभांचा क्रम म्हणजेच वाक्याचा क्रम. आधी न वाचल्याची खूण, मग प्रेषक, मग विषय, शेवटी तारीख. बाकी सगळे स्तंभ काढले. आकार, प्राधान्य, स्थिती हे दर ओळीला ऐकू आलं की दिवसाअखेर किती वेळ जातो, ते सरांशेजारी बसून ऐकल्याशिवाय कळत नाही.

मजकूर साध्या स्वरूपात दाखवायला सांगितला. सजावटीचे तक्ते, न दिसणारी चित्रं, सहीखालचे बोधचिन्हांचे दुवे यांचा गोंगाट गेला.

“सर, आता फक्त एन दाबा,” मी म्हटलं. एन म्हणजे पुढचा न वाचलेला मेल. त्यांनी दाबलं, ऐकलं, पुन्हा दाबलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मेलमागून मेल वाचत राहिले. मग म्हणाले, “अगं, मी मध्ये कुठे अडकलोच नाही.” नंतर नेटची वायर काढून त्यांनी जुना पत्रव्यवहार शोधून पाहिला. मिळाला.

२३ सप्टेंबर

पत्तेवही. एलडॅपचा पोर्ट १३८९, शोधाचं मूळ ‘ou=people’. ‘प्रति’च्या चौकटीत नावाची पहिली अक्षरं लिहिली की संस्थेच्या यादीतली नावं सुचतात. एका शोधाला पलीकडून जास्तीत जास्त १०० नावंच येतात, म्हणून फार प्रचलित आडनाव असेल तर आणखी एखादं अक्षर टाकायचं.

कॅलेंडरचा पत्ता लोकलहोस्ट, पोर्ट १०८०, मग ‘यूझर्स’, मेलचा पत्ता आणि ‘कॅलेंडर’. बैठकीची आमंत्रणं थंडरबर्डमधूनच स्वीकारता येतात. सरांना हे मेलपेक्षाही उपयोगी पडतंय असं दिसतं.

८ ऑक्टोबर

डॅवमेल यंत्रासोबत आपोआप सुरू होतो. थंडरबर्ड त्याच्या आधी उघडला गेला तर ‘जोडणी नाकारली’ असा निरोप येतो. काही क्षण थांबून पुन्हा मेल आणायला सांगायचं. टोकन वापरात राहिलं की नवं होत राहतं. ९० दिवस हात लागला नाही किंवा खात्याचा पासवर्ड बदलला तर लॉगिन पुन्हा करावं लागतं, म्हणून कोऱ्या पानाची कृती सरांच्या टिपणवहीत त्यांच्याच शब्दांत लिहून घेतली.

३० ऑक्टोबर

पुढच्या वर्षाचा विचार आताच करायला हवा. एक्स्चेंज ऑनलाइनमधलं ईडब्ल्यूएस १ ऑक्टोबर २०२६पासून बंद होईल असं मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३मध्येच जाहीर केलेलं आहे. त्याजागी ग्राफ हा त्यांचा नवा इंटरफेस वापरायचा. संस्थेने स्वतःच्या यंत्रावर चालवलेल्या एक्स्चेंज सर्व्हरला ही घोषणा लागू नाही, पण आमचा मेल तिथे नाही. डॅवमेलमध्ये ग्राफचं काम सुरू आहे. वेबडॅव्हकडून ईडब्ल्यूएसकडे हा प्रोग्राम एकदा गेलेला आहे, म्हणून मला त्यावर भरवसा आहे.

तरी एकाच मार्गावर विसंबायचं नाही. प्रशासकांना दुसरं पत्र लिहिलं. आयमॅप पूर्वीच्या साध्या पडताळणीसकट उघडा असं माझं म्हणणं नाही. ओऑथवर चालणारा आयमॅप एखाद्या खात्यापुरता उघडता येतो, थंडरबर्डला ती पद्धत येते, आणि ज्या कारणासाठी आयमॅप बंद ठेवला होता ते कारण त्यात उरत नाही.

२४ नोव्हेंबर

थंडरबर्डच्या १४५व्या आवृत्तीत एक्स्चेंजची सोय थेट आली आहे. ईडब्ल्यूएस वापरून मेल वाचणं, पाठवणं, फोल्डरं सांभाळणं, सगळं मध्ये गेटवे न ठेवता. कॅलेंडर आणि पत्तेवही अजून त्यात नाहीत. माझ्या यंत्रावर एक वेगळं प्रोफाइल करून लावून पाहिलं. लॉगिन ओऑथनेच झालं, फोल्डरं आली, मराठी विषय अखंड.

मला याचा आनंदच आहे. मधला एक प्रोग्राम कमी झाला तर सरांना सांभाळावी लागणारी एक गोष्ट कमी होईल. मात्र घाई करणार नाही. हा मार्गही ईडब्ल्यूएसवरच उभा आहे, म्हणजे त्यालाही ग्राफकडे जावं लागणार. शिवाय सरांची टॅगची पद्धत तिथे तशीच चालते का, हे तपासायचं बाकी आहे.

सरांशी बोलून ठरलं ते असं. मेल, कॅलेंडर आणि पत्तेवही सध्या गेटवेतूनच चालू ठेवायची. माझ्याकडे नवा मार्ग रोजच्या कामात वापरून पाहायचा. टॅग आणि ऑफलाइन शोध दोन्ही पटले की सरांचा मेल तिकडे न्यायचा, कॅलेंडर गेटवेवर ठेवून. एप्रिलपर्यंत प्रशासकांचं आयमॅपबद्दल उत्तर आलं नाही तर त्यांना भेटायला आम्ही दोघंही जाणार आहोत. यादी कशी ऐकू येते ते सर त्यांना स्वतः ऐकवणार आहेत.